रात्री नापास, सकाळी पास

मागच्या अंकात स्वयंचलित चाचण्यांवर चार ओळी लिहिल्या होत्या. माणसाऐवजी एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामची बटणं दाबायची, रकाने भरायचे आणि उत्तर बरोबर आलं का ते तपासायचं, एवढाच तो विषय. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक मराठवाड्यातलीच आहेत आणि गाऱ्हाणं जवळपास एकच आहे: प्रोग्रामला कुणी हात लावलेला नाही, तरी चाचणी एक दिवस पास, एक दिवस नापास. काही पत्रं निवडली आहेत. नावं देत नाही, गाव पुरेसं आहे.

लातूर : ताई, आम्ही तिघं मिळून मार्केट यार्डातल्या आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सोयाबीन-तुरीचा सौदा टाकला की हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी आणि खरेदीदाराचं बिल निघतं. ऑफिसातल्या एका संगणकावर रात्री चाचण्या लावतो. घरून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे ऑफिसातल्या संगणकाचा पडदा घरी दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीने, बघत बसलो तर सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. खिडकी बंद करून झोपलो की सकाळी सगळ्या लाल, आणि स्क्रीनशॉट काळेकुट्ट. आम्ही बघत असलो तरच सॉफ्टवेअर चालतं का?

एका अर्थी हो, असंच आहे. रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली की सत्र, म्हणजे त्या संगणकावरचं तुमचं लॉगिन, संपत नाही, नुसतं तुटतं. प्रोग्राम चालू राहतात, पण त्यांना उमटायला पडदा उरत नाही आणि विंडोज तो डेस्कटॉप कुलूपबंद धरतं. कुलूप लागलेल्या डेस्कटॉपवर चाचणीचा माउस हलत नाही, कळ दाबली जात नाही, चित्र काढलं तर काळं येतं. खिडकी बंद न करता नुसती खाली बसवली तरी पुष्कळदा हेच होतं, कारण पलीकडे पडदा रंगवणं थांबतं.

यावर एक जुना तोडगा आहे. टीएसकॉन नावाची आज्ञा विंडोजमध्येच असते. ती ॲडमिनच्या हक्काने चालवली की तुमचं तुटू पाहणारं सत्र त्या संगणकाच्या स्वतःच्या मॉनिटरवर सोपवलं जातं, आणि डेस्कटॉप जिवंत राहतो. पण मग ऑफिसात तो संगणक रात्रभर उघडा असतो. येणारा-जाणारा कुणीही त्यावर बसू शकतो. दुसरं असं की सत्र मॉनिटरवर गेलं की पडद्याचं मापही त्या मॉनिटरचं होतं, आणि मॉनिटर जोडलेलाच नसेल तर विंडोज काहीतरी तुटपुंजं माप धरतं. तुमची ‘पट्टी छापा’ ची कळ मग पडद्याच्या बाहेर.

म्हणून मी सांगेन की या संगणकासाठी रिमोट डेस्कटॉप वापरूच नका. टाइटव्हीएनसी किंवा अल्ट्राव्हीएनसीसारखं काहीतरी बसवा. ते नवं सत्र उघडत नाही, संगणकाच्या खऱ्या पडद्यावर काय चाललंय तेच दाखवतं. तुम्ही बघा, बघणं बंद करा, डेस्कटॉपला त्याची खबर नसते. मॉनिटर ठेवायचा नसेल तर एचडीएमआयचा डमी प्लग लावा. बोटभर लांबीची वस्तू आहे, संगणकाला वाटतं मॉनिटर जोडलेला आहे. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर रात्री बटणाने बंद करायची सवय असेल तर तीही सोडा. काही मॉनिटर बंद झाले की विंडोजच्या लेखी ते निघूनच जातात आणि सगळ्या खिडक्या इकडच्या तिकडे होतात.

आता त्या संगणकावर करायच्या बाकीच्या गोष्टी. चाचण्यांसाठी वेगळा युजर काढा, तुमचा रोजचा नको. तो युजर संगणक चालू होताच आपोआप लॉगिन झाला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात ऑटोलॉगॉन नावाचं छोटं साधन आहे, ते वापरा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, हाताने पासवर्ड लिहायची पद्धत जागोजागी सांगितलेली असते, पण त्यात तो उघडा पडतो. चाचण्या सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे जेनकिन्सचा एजंट किंवा जे काही वापरत असाल ते, विंडोज सर्व्हिस (पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्राम) म्हणून चालवू नका. विस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सर्व्हिसेस शून्य क्रमांकाच्या वेगळ्या सत्रात बंद असतात. तिथे उघडलेली खिडकी कुणालाच दिसत नाही, आणि चाचणी बिचारी अंधारात बटण शोधत बसते. एजंट त्या युजरच्या लॉगिनबरोबर साधा प्रोग्राम म्हणून सुरू होऊ द्या.

पडदा १९२० बाय १०८०, स्केलिंग (पडद्यावर सगळं किती मोठं दाखवायचं ते) शंभर टक्के. लॅपटॉप बहुधा सव्वाशे किंवा दीडशे टक्क्यांवर आलेला असतो, आणि चित्र जुळवून बटण शोधणाऱ्या चाचण्या तिथेच मरतात. झोपणं, पडदा काळा होणं, स्क्रीनसेव्हर, कुलूप हे सगळं ‘कधीही नाही’ वर. ॲनिमेशन बंद. सूचना बंद. आणि एक बारीक गोष्ट, जी मी कुणाच्या यादीत फारशी पाहिलेली नाही: रकान्यातली लुकलुकणारी उभी रेघ. कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्डच्या पानावर तिचं लुकलुकणं थांबवता येतं. स्क्रीनशॉटची तुलना करत असाल तर अर्ध्या वेळी ती रेघ असते, अर्ध्या वेळी नसते, आणि तुम्ही आडतीच्या गणितात चूक शोधत बसता.

विंडोज अपडेट पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. ‘सक्रिय तास’, म्हणजे विंडोज स्वतःहून रीस्टार्ट होत नाही ते तास, जास्तीत जास्त अठराच ठेवता येतात, तेव्हा उरलेल्या सहा तासांत तुमच्या चाचण्या येणार नाहीत एवढं बघा. शक्यतो अपडेट थोपवून धरा आणि ठरवलेल्या रविवारी स्वतः बसून करा. त्या दिवशी चाचण्या दोनदा चालवायच्या: एकदा अपडेटच्या आधी, एकदा नंतर. सोमवारी काही लाल झालं तर दोष कुणाचा हे तरी कळेल.

एवढं करूनही कधीतरी कुणीतरी स्केलिंग बदलेलच. तेव्हा चाचण्यांच्या आधी एक छोटी हजेरी घ्या. तुमच्या गिऱ्हाइकांना हे वेगळं सांगावं लागत नाही, माल ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते प्रत्येक जण बघतो. पडद्याचं माप बरोबर आहे का, कुलूप नाही ना, वेळेचा विभाग कोणता, कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे, हवे ते फॉन्ट आहेत का, डिस्कवर जागा आहे का, समोर भलतीच खिडकी उघडी नाही ना. यातलं काहीही चुकलं तर चाचण्या सुरूच करायच्या नाहीत, आणि निकालात ‘नापास’ न लिहिता ‘मशीन तयार नव्हतं’ असं लिहायचं. पास आणि नापास या दोनच खणांत सगळं कोंबलं म्हणून तुम्हा सगळ्यांची पत्रं मला आली आहेत.

लातूर, तेच : आणि ज्या रात्री आम्ही बघत बसतो, त्या रात्री चाचणीच्या पट्ट्या आमच्या घरच्या प्रिंटरवर छापून निघतात! घरचे वैतागलेत.

वैतागणारच की. रिमोट डेस्कटॉप जोडताना तुमच्या घरचा प्रिंटरही बरोबर जातो आणि तिकडे मुख्य प्रिंटर होऊन बसतो. रिमोट डेस्कटॉप सोडलं की हे थांबेल. शिवाय ‘मुख्य प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ ही खूण काढा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य होत राहतो. चाचणीसाठी पीडीएफमध्ये छापा आणि त्या पीडीएफमधले आकडे तपासा. मायक्रोसॉफ्टचा पीडीएफ प्रिंटर फाइलचं नाव विचारणारी खिडकी उघडतो, तिचं उत्तर द्यायला चाचणीला शिकवावं लागेल.

नांदेड : आमच्या चाचण्या भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालतात. दिवसा ठीक. मध्यरात्रीनंतर ‘आजची तारीख’ असलेल्या सगळ्या चाचण्या पडतात आणि पहाटे साडेपाचनंतर आपोआप नीट होतात. कुणी करणी केली काय?

करणी ग्रिनिचची आहे. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या जागतिक वेळेवर आहे आणि आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे बारा वाजून तारीख बदलली तरी सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो, तो पहाटे साडेपाचपर्यंत. सर्व्हरचा विभाग भारतीय वेळेवर ठेवला की चाचण्या हिरव्या होतील. पण थांबा. तुमचा प्रोग्रामही गिऱ्हाइकाकडे यूटीसीच्याच सर्व्हरवर चालणार असेल तर ही चाचणी खरं बोलत होती, आणि तुम्ही तिचं तोंड बंद कराल. ३१ मार्चच्या रात्री साडेबाराला, म्हणजे १ एप्रिल लागल्यावर, केलेली नोंद जुन्या आर्थिक वर्षात जाते का, हे आधी बघा.

तारखेचीच दुसरी गंमत सांगून ठेवते. नव्या विंडोजवर प्रदेश ‘अमेरिका’ राहिला असेल तर महिना आधी, दिवस नंतर. मग चाचण्या बारा तारखेपर्यंत पास होतात आणि तेरापासून पडतात, कारण तेरावा महिना नसतो. बारापर्यंत पास होतात त्याही चुकीच्या तारखेनेच, ते वेगळं. प्रदेश भारत ठेवला की लाखाचा स्वल्पविरामही जागेवर येतो.

परभणी : आमचं शाळांसाठीचं मराठी सॉफ्टवेअर आहे. माझ्या संगणकावर चाचण्या पास, सर्व्हरवर अक्षरांच्या जागी चौकोन. फॉन्ट टाकले तर चौकोन गेले, पण आता स्क्रीनशॉट जुळत नाहीत. डोळ्यांनी बघितलं तर दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. शिवाय ‘शेतकऱ्याचा पाल्य’ हा रकाना चाचणीला सापडतच नाही.

हे पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण हा त्रास इंग्रजीत काम करणाऱ्यांना होतच नाही, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत त्याचं उत्तरही नसतं. सावकाश घेऊ.

चौकोन म्हणजे त्या यंत्रावर देवनागरीचा फॉन्टच नव्हता. लिनक्सचे छोटे कंटेनर, म्हणजे प्रोग्रामला लागेल तेवढंच भरलेले डबे, फॉन्टशिवायच येतात. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी टाका, पण ‘जो मिळेल तो’ असं नको. कोणता फॉन्ट, कितवी आवृत्ती, हे ठरवून फाइल तुमच्या कोडबरोबरच ठेवा. आवृत्ती बदलली की अक्षराची रुंदी केसाएवढी बदलते, ओळ एक शब्द आधी तुटते आणि खालचं सगळं पान सरकतं. विंडोजवरही गाफील राहू नका. मंगल हा फॉन्ट विंडोज १० पासून मूळ संचात राहिला नाही, मराठी किंवा हिंदी भाषा जोडली तरच तो येतो. कोऱ्या चाचणी-यंत्रावर तुमचा प्रोग्राम मंगल मागतो आणि विंडोज त्याला निर्मला देतं. तुमच्या संगणकावर मराठी आधीपासून जोडलेली, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही.

आता सारखी दिसूनही न जुळणारी चित्रं. मोठी करून फक्त ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असतो, शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तेच रूप धरलेलं आहे. हिंदी वळण वेगळं. काही फॉन्टांमध्ये ही दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ म्हणून सांगितली तरच मराठी वळण उमटतं. तुमच्या संगणकावर भाषा मराठी, सर्व्हरवर काहीच सांगितलेलं नाही, म्हणून फॉन्ट तोच असून अक्षर वेगळं. सर्व्हरची भाषा मराठी ठेवा, आणि पानालाही ती स्वच्छ सांगा. तरी जुळलं नाही तर कडांचा दोष असेल. विंडोजचं क्लिअरटाइप अक्षरांच्या कडांना बारीक रंग देतं, लिनक्सवर त्या बहुधा करड्या असतात. विंडोजवर काढलेलं चित्र लिनक्सवरच्या चित्राशी ताडून बघूच नये. मूळ चित्रं जिथे चाचणी चालते त्याच यंत्रावर काढायची.

आणि तो ‘शेतकऱ्याचा’. आपला अर्धा र, ऱ्य मधला, संगणकात दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि य. किंवा साधा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका). किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही एकसारखे, पण संगणकाला तीन वेगळे शब्द. पहिल्या दोघांना यूनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या तऱ्हा एका रूपात आणणारा नियम, एक करतं. तिसऱ्याला करत नाही, कारण तो अदृश्य जोडक तसाच राहतो. म्हणजे तुमच्या तुलनेत तो नियम तुम्हालाच घालावा लागेल: हलन्तानंतर जोडक असलेला ‘र’ आला की त्याचा ‘ऱ’ करून मग जुळवा. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे रकाना त्याच्या मजकुरावरून शोधूच नका. प्रत्येक रकान्याला, बटणाला पडद्यावर न दिसणारी एक ओळख देता येते, तिच्यावरून शोधा. उद्या मुख्याध्यापकांनी ‘पाल्य’ च्या जागी ‘विद्यार्थी’ करायला लावलं तरी चाचणी चालेल.

तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल म्हणून सांगते. चाचणी कळा दाबून मजकूर भरत असेल आणि आदल्या दिवशी कुणी इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू ठेवून गेलं असेल, तर इंग्रजी पासवर्डच्या जागी देवनागरी उमटते. पासवर्डच्या रकान्यात ठिपकेच दिसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. चाचणी-युजरकडे एकच कीबोर्ड ठेवा, आणि मराठी मजकूर कळा न दाबता सरळ रकान्यात घाला. इन्स्क्रिप्टने टाइप केलेलं बरोबर उमटतं का, याची एक वेगळी चाचणी ठेवा, तीच फक्त कीबोर्ड बदलेल आणि परत जागेवर ठेवेल.

धाराशिव : साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आहे. भरगाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ ऊस, स्लिप. गळीत हंगामात काटा चोवीस तास चालतो, चाचणीला मिळत नाही. हंगाम संपला की काट्यावर गाडीच नाही. चाचणी करायची कधी?

काट्याशिवाय करायची. तुमच्या सॉफ्टवेअरला काटा दिसत नाही. त्याला फक्त सीरियल तारेवरून येणाऱ्या ओळी दिसतात. विंडोजवर कॉम-झिरो-कॉम नावाचं मोफत साधन आहे, ते एकमेकांना जोडलेल्या दोन खोट्या पोर्टची जोडी बनवून देतं. एका टोकाला तुमचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या टोकाला वजनाच्या ओळी ओतणारा तुमचा छोटा प्रोग्राम. लिनक्सवर सोकॅट हेच काम करतं.

ओतायला ओळी खऱ्या हव्यात. हंगामात एका पाळीला काट्याच्या तारेवर जे येतं ते सगळं जसंच्या तसं फाइलमध्ये उतरवून घ्या. फक्त इंडिकेटर, म्हणजे काट्याचे आकडे दाखवणारी पेटी, उघडायचा नाही, त्याला वैधमापनवाल्यांचं सील असतं. त्या फाइलमध्ये तुम्हाला ट्रॅक्टर काट्यावर चढताना हलणारे आकडे मिळतील, बैलगाडीतला बैल पाय बदलतो तेव्हाचं डुलणं मिळेल, मध्येच अर्धवट तुटलेली ओळ मिळेल. सॉफ्टवेअरने स्थिर झालेलंच वजन घेतलं पाहिजे, आणि ओळी येणं थांबल्या तर जुना आकडा पडद्यावर ठेवून स्लिप काढता कामा नये. ऊस घातलेल्याच्या पैशाचा प्रश्न आहे, तेव्हा या दोन चाचण्या आधी लिहा, रंगरूपाच्या नंतर.

खोट्या पोर्टचं एक न्यून लक्षात ठेवा. तारेचा वेग दोन्हीकडे वेगळा ठेवला तरी ती जोडी सहसा तक्रार करत नाही, खरी तार मात्र कचरा दाखवते. म्हणून खऱ्या इंडिकेटरला जोडून एकदा तपासणी लागतेच. यूएसबीचा कन्व्हर्टर दुसऱ्या भोकात लावला की पोर्टचा क्रमांक बदलतो, हेही तेव्हाच कळतं. सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक पक्का लिहून ठेवला असेल तर काटा-क्लार्क रात्री दोनला तुम्हाला उठवणार.

जालना : ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमधून बाद केलेला एक संगणक सरांनी प्रोजेक्टसाठी दिलाय, विंडोज ११ त्यावर बसत नाही. एवढ्यावर चाचण्यांचं यंत्र होईल का, का नवीन घ्यायला लागेल?

होईल. नवीन घेऊ नकोस. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून असे चांगले संगणक बाद होताहेत. त्यावर लिनक्स टाक. मॉनिटरसुद्धा परत करून टाकलास तरी चालेल, कारण एक्सव्हीएफबी नावाचा प्रोग्राम मेमरीतच एक पडदा तयार करतो. त्याचं माप तू सांगशील ते, रंगांची खोली २४ बिट ठेव. ग्राफिक कार्ड लागत नाही, चित्र प्रोसेसरच रंगवतो. थोडं हळू चालतं, पण प्रत्येक वेळी सारखंच रंगतं, आणि आपल्याला तेच हवंय.

त्या पडद्यावर ओपनबॉक्ससारखा एखादा हलका विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या मांडणारा प्रोग्राम, चालू कर. पुष्कळ जण हे सोडतात. मग खिडकी मोठी होत नाही, विचारणा करणारी छोटी चौकट मागे जाते, टाइप केलेलं भलत्याच ठिकाणी पडतं. आत काय चाललंय ते बघायला एक्स-इलेव्हन-व्हीएनसी आहे. पूर्ण फेरीचं चित्रीकरण एफएफएमपेगने करून ठेव, नापास झालेल्या चाचणीची शेवटची काही सेकंदं बघितली की निम्मी भांडणं मिटतात.

एक गोष्ट आधीच कळलेली बरी. लिनक्सचे डेस्कटॉप आता वेलँड या पडदा रंगवण्याच्या नव्या व्यवस्थेवर गेलेत. तिथे एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत कळा दाबू शकत नाही की त्याचा पडदा टिपू शकत नाही, मुद्दामच तसं बांधलंय, सुरक्षेसाठी. एक्सडूटूलसारखी जुनी साधनं तिथे चालत नाहीत. उबुंटू या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीत लॉगिनच्या वेळी एक्सऑर्ग ही जुनी व्यवस्था निवडता येते, २५.१० मध्ये ग्नोम या तिथल्या नेहमीच्या डेस्कटॉपची ती सोय काढून टाकली. तू २४.०४ घे. एक्सव्हीएफबीला याचा फरक पडत नाही, पण प्रोजेक्टच्या दिवशी तुला खऱ्या पडद्यावर दाखवायचं असणार.

आणि जे जे बसवशील ते हाताने बसवू नकोस, एका स्क्रिप्टमध्ये लिही. मग डिस्क पुसून ती स्क्रिप्ट पुन्हा चालव. तिने यंत्र जसंच्या तसं उभं केलं तरच तुझं यंत्र तयार झालं असं समज. परीक्षक काय विचारतील मला माहीत नाही, मी असते तर हेच करून दाखवायला सांगितलं असतं.

बीड : लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालू राहतो पण संगणक पुन्हा सुरू होतो. चाचणी अर्धवट. आणि उन्हाळ्यात दुपारच्या चाचण्या जास्त पडतात असा आमचा अनुभव, का भास?

भास नाही. आधी लाइटचं. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा मागच्या बाजूला एक खटका असतो, त्यावर यूपीएस असं एक टोक असतं. तो तिकडे करा, मग अदलाबदल इतक्या झटकन होते की बहुतेक संगणक तग धरतात. नाहीतर संगणकापुरता छोटा यूपीएस घ्या. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर चालू हो’ ही सोय चालू करा, आपोआप लॉगिन वर सांगितलंच आहे. अर्धवट फेरीतून उरलेला डेटाबेस पुढच्या फेरीला वापरू नका, दर फेरीला कोऱ्या प्रतीपासून सुरुवात. आभासी यंत्र (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) आणि त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची जपून ठेवलेली प्रत) वापरत असाल तर हे फुकटात मिळतं. मात्र चालू अवस्थेतला स्नॅपशॉट परत आणला की आतलं घड्याळ जुन्या दिवसावर जागं होतं. ते जुळेपर्यंत चाचणी सुरू करू नका.

दुपारचं कारण तापमान. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या खोलीत प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जी खिडकी चार सेकंदांत उघडायची ती सात घेते, आणि चाचणीत कुणीतरी ‘पाच सेकंद थांब’ असं लिहून ठेवलेलं असतं. ठरावीक सेकंद थांबायचं सोडा, खिडकी उघडेपर्यंत थांबायला सांगा आणि वरची मर्यादा ऐसपैस ठेवा. प्रत्येक चाचणीला किती वेळ लागला ते नोंदत जा, म्हणजे पंख्यातली धूळ कधी झाडायची ते त्या आकड्यांतूनच दिसेल. कॅबिनेटवर ओला टॉवेल ठेवणारे लोक मला माहीत आहेत. ठेवू नका.

छत्रपती संभाजीनगर : आमचे साहेब म्हणतात, नापास झालेली चाचणी तीनदा चालवा, एकदा जरी पास झाली तर पास धरा. हे बरोबर आहे का?

साहेबांना चूकही म्हणवत नाही आणि बरोबरही. गूगलनेच २०१६ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्याकडच्या जवळपास १६ टक्के चाचण्यांमध्ये थोडाफार लहरीपणा आहे, आणि सगळ्या फेऱ्यांपैकी सुमारे दीड टक्का फेऱ्यांचे निकाल लहरी येतात. एवढी माणसं, एवढी यंत्रं असून. तेव्हा पुन्हा चालवण्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण दुसऱ्यांदा पास झाली म्हणजे पहिली वेळ पुसून टाकायची, हे मला मान्य नाही. तुमच्या गिऱ्हाइकाने बिल छापताना एकदा प्रोग्राम अडकला, तर तो तीनदा प्रयत्न करत बसत नाही, फोन करतो. पहिल्या नापासाच्या वेळचा स्क्रीनशॉट, चित्रीकरण आणि वर लातूरला सांगितलेल्या हजेरीचा कागद ठेवा. हजेरीत यंत्राचा दोष दिसला तर खुशाल पुन्हा चालवा. यंत्र ठणठणीत असताना पडली आणि मग पास झाली, तर ती चाचणी वेगळ्या यादीत टाका, यादीतल्या प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव लिहा आणि दर शुक्रवारी ती यादी साहेबांसमोरच वाचा. यादी वाढत गेली तर पुढच्या चाचण्या लिहिणं थांबवून आधी ती उतरवायची, हे त्यांच्याकडून आजच कबूल करून घ्या. नंतर ते मोकळे सापडणार नाहीत.